मु. पो. सँटोरिनी, तालुका अंधेरी

समुद्रकिनाऱ्याच्या सुशोभीकरणाचं संगणकावर काढलेलं चित्र हा आपल्याकडे सध्या भरभराटीला आलेला ललितकलाप्रकार आहे. त्याचे संकेत संगीत नाटकातल्या नांदीइतके ठरलेले असतात. आकाश निळं असतं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असतं, कारण विजेची, केबलची किंवा इंटरनेटची एकही तार त्याला चिरत नाही. भिंती पांढऱ्याशुभ्र, कमानी अर्धगोल, दारं-खिडक्या निळ्या, आणि मातीच्या कुंड्यांतून गुलाबी बोगनवेल ओसंडते आहे. फरसबंदीवरून एक सडपातळ जोडपं चाललेलं असतं. त्यांचा वर्ण, बांधा आणि गवती टोप्या पाहता ते वांद्रे स्टेशनवरून शेअर रिक्षाने आलेलं नाही एवढं नक्की कळतं. जोडप्याबरोबर एक सोनेरी कुत्रा असतो, आणि अख्ख्या किनाऱ्यावर तो एकच कुत्रा असतो. कावळा नसतो. शहाळ्यांचा ढीग नसतो. मोबाइलवर शेअरबाजाराची खबर सगळ्या फुटपाथला ऐकवणारे काका नसतात. एरवी लग्नाच्या हॉलच्या सजावटीत दिसणारा हा मामला आता समुद्रावर कायमचा आणि फुकट मिळणार, अशी बघणाऱ्याची गोड समजूत होते.

मुंबईच्या उपनगरांत हे चित्र जुहूला चालतं, वर्सोव्याला चालतं, पण शोभतं ते वांद्र्यालाच. टोकाला १६४० सालचा पोर्तुगीज किल्ला, त्याच्या कुशीत ग्रीक धर्तीचं ॲम्फिथिएटर, टेकडीवर माउंट मेरी, रानवर आणि चुईमच्या गल्ल्यांत जागोजागी क्रूस, बँडस्टँडला आणि कार्टर रोडला पाण्याच्या कडेने चालायची सोय. नव्या टॉवरांची नावं तर केव्हाच इटलीला जाऊन आलेली असतात. फाटकावर इटालियन नाव आणि लिफ्टपाशी ‘मासळी नेणाऱ्यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी’ अशी पाटी. सरकारी दप्तरात वांद्रे हे अंधेरी तालुक्यात मोडतं, ही गोष्ट मात्र कुठल्याही चित्रात नमूद केलेली नसते. तालुक्याचं नाव आलं की सँटोरिनी जरा खचते.

उसनवारीला आक्षेप घ्यायचं आपल्याला तोंड नाही. ज्या मुलखाने पोर्तुगिजांकडून पाव घेतला, त्यांच्याच जहाजांतून आलेली मिरची आणि बटाटा घेतला, आणि तिन्ही एकत्र करून वर मराठमोळेपणाचा शिक्का मारला, त्याने उसनवारीवर बोलू नये. पण वडापाव हा उसनं कसं घ्यावं याचा वस्तुपाठही आहे: तो आपल्या भुकेला विचारून घेतलेला आहे. सुशोभीकरणात भुकेला कोणी विचारत नाही, नुसती बशी उचलली जाते. भूमध्य समुद्राकाठचं देखणेपण कोणी देखणेपणासाठी उभं केलेलं नाही. कोरडं कडक ऊन, पाण्याची टंचाई, लाकडाची चणचण, बेताचा पैसा आणि घरं एवढी लहान की संध्याकाळ दाराबाहेरच काढावी लागे. या अडचणींवर तिथल्या लोकांनी शेकडो वर्षं जे तोडगे काढले, त्यांचा एकत्रित फोटो म्हणजे भूमध्य शैली. आपल्याला तो फोटो हवा आहे. अडचणी आपल्या वेगळ्या आहेत, त्यांवरचे तोडगेही याच किनाऱ्यावर जुनेपुराणे तयार आहेत. पण ते तोडगे काढणारी माणसं फोटोत येऊ नयेत अशी आपली इच्छा असते. सगळा घोळ तिथे आहे.

पांढऱ्या रंगापासूनच बघा. एजियन समुद्रातल्या बेटांवरची घरं पांढरी झाली, कारण चुना स्वस्त पडतो, जंतू मारतो आणि ऊन परतवून लावतो. ईस्टर जवळ आला की तिथल्या बाया कुंचा घेऊन भिंतींना, पायऱ्यांना, अगदी अंगणातल्या फरशांच्या सांध्यांनाही चुन्याचा हात देतात. त्यातली निळी छटा ज्या पुडीने येते, ती मुळात कपडे धुताना शेवटच्या पाण्यात घालायची पूड. ग्रीक भाषेत तिला लुलाकी म्हणतात, आणि भाषेचे जाणकार हा शब्द अरबी-फारसीमार्गे थेट आपल्या ‘नीळ’पर्यंत आणून पोचवतात. म्हणजे ज्या रंगसंगतीसाठी सल्लागाराची फी मोजायची, ती कोकणातल्या घरांनी गणपतीच्या आधी चुन्यात नीळ कालवून घरच्या घरी केलेली आहे. तिकडे तिला वारसा म्हणतात, इकडे ‘सध्या एक हात मारून घेऊ, मग बघू’ म्हणतात, एवढाच काय तो फरक. बरं, निदान चुना तरी असावा. पण निविदेत प्लॅस्टिक पेंट असतो. चुन्याच्या भिंतीत ओल येते तशी निघूनही जाते. प्लॅस्टिक पेंटच्या आड ती कोंडली जाते आणि पहिल्याच श्रावणात भिंत तळलेल्या पापडासारखी फुगते. मग पोपडे, मग शेवाळ, मग खिडकीखालून काजळासारखे ओघळ. तीन वर्षांत सगळं पुन्हा रंगवायला निघतं, आणि अखेर चुन्याचा संबंध येतो तो इथे. फक्त तो भिंतीला लावलेला नसतो.

पावसाचं प्रकरण आकड्यांत पाहिलेलं बरं. अथेन्सला अख्ख्या वर्षात ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बराचसा थंडीत; उन्हाळाभर आभाळ कोरडं. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांतच २,००० मिलिमीटरच्या पुढे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद झाली, म्हणजे अथेन्सची दोन वर्षं एका दिवसात पडली आणि वर थोडी उरली. सपाट गच्ची, उघडा चौक आणि छज्जा नसलेली पांढरी भिंत ही कमी पावसाच्या मुलखाची चैन आहे. समुद्राची तीच गत. भूमध्य समुद्र जिब्राल्टरची चिंचोळी फट सोडली तर चोहोबाजूंनी कोंडलेला, त्यामुळे भरती-ओहोटीतला फरक बहुतेक ठिकाणी वीत-दोन वीत. पाण्यापासून दोन हातांवर टेबल मांडून माणूस मासा खात बसतो आणि समुद्र घरच्या जावयासारखा आपल्या जागी असतो. अरबी समुद्रावर असले संस्कार झालेले नाहीत. उधाणाला इथलं पाणी चार मीटरहून अधिक चढतं-उतरतं. दरवर्षी महापालिका ४.५ मीटरहून मोठ्या भरत्यांच्या तारखा जाहीर करते आणि वर्तमानपत्रं त्या लग्नाच्या मुहूर्तांसारख्या छापतात. त्या दिवशी बँडस्टँडच्या काळ्या खडकांवरून येणारी लाट पाण्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्या, एकेका पायाच्या चपला, निर्माल्य असं बरंच काही वर आणून टाकते. वर्षभर आपण पाठवलेलं सगळं साहित्य समुद्र संपादकी शिस्तीने साभार परत करतो. त्या लाटेच्या वाटेत मातीची कुंडी आणि नाजूक लोखंडी खुर्ची मांडणाऱ्याच्या धैर्याचं कौतुक जरूर करावं, निविदेवर सही मात्र करू नये.

झाडांच्या बाबतीत तर कोण कोणाची नक्कल करतंय तेच कळेनासं होतं. भूमध्य म्हटलं की चित्रात ताडवर्गातली उंच झाडं रांगेने येतात. युरोपच्या त्या किनाऱ्यावर मूळच्या ताडांच्या जाती मोजून दोन. त्यातली एक झुडपाएवढी बुटकी. नीस शहराच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर जी झाडं आपण पोस्टकार्डात बघतो, ती एकोणिसाव्या शतकात बाहेरून आणून रुजवलेली आहेत. बोगनवेल ब्राझीलची, अठराव्या शतकातल्या फ्रेंच दर्यावर्द्यांच्या सफरीत ती युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस पडली आणि त्या सफरीच्या कप्तानाचं नाव तिला चिकटलं. एवढंच कशाला, नीसचा तो जगप्रसिद्ध रस्तासुद्धा तिथल्यांनी बांधलेला नाही. १८२०च्या दशकात थंडी काढायला येणाऱ्या इंग्रजांनी, कडक हिवाळ्याने रोजगार बुडालेल्या गरिबांना काम मिळावं म्हणून, पदरचे पैसे घालून तो करवून घेतला. आजही त्याचं नाव इंग्रजांचंच आहे. ज्याला आपण अस्सल भूमध्य म्हणून आणणार, ते असं पाहुण्यांनी पाहुण्यांकडून मागून आणलेलं. त्यात एक आपलाही पाहुणा आहे. कोकणात माडाच्या बागायतदाराला ज्याच्या नावाने झोप लागत नाही, तो सोंड्या भुंगा मूळचा आपल्याच बाजूचा, दक्षिण आशियातला. आयात केलेल्या झाडांतून तो १९९०च्या दशकात स्पेनला उतरला आणि पुढे इटली, फ्रान्स करत तिथल्या हजारो देखण्या झाडांचा गाभा पोखरून बसला. आपण त्यांच्यासारखं दिसायच्या खटपटीत असताना त्याने पासपोर्ट न काढता जमवलं. पण खरी तक्रार सावलीची. महागाची खजुरी ट्रकमधून आणून दुभाजकावर रोवली की तिची सावली विजेच्या खांबाएवढी पडते. चारजणांना त्या सावलीत उभं राहायचं तर एकामागे एक रांग लावावी लागेल. आणि खाऱ्या वाऱ्याला न जुमानणारी, डेरेदार सावली देणारी भेंडी, उंडी, करंज ही इथलीच झाडं चित्रात दिसत नाहीत, कारण ती बघून कोणाला परदेशात आल्यासारखं वाटत नाही.

आता पर्गोला. हा शब्द गेली काही वर्षं नगरसेवकांच्या फलकांवरही दिसतो, आणि वस्तू ओळखायला सोपी आहे: चार खांब, वर समांतर पट्ट्या, खाली माणूस आणि माणसाच्या अंगावर झेब्र्यासारखे ऊन-सावलीचे पट्टे. भूमध्य प्रदेशात या पट्ट्यांवर द्राक्षाचा वेल चढवतात. उन्हाळ्यात पानं दाट होऊन सावली देतात, हिवाळ्यात झडून ऊन आत सोडतात. याला मराठीत मांडव म्हणतात. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला आणि परसात पडवळ-दुधी लावणाऱ्या कोणालाही तो ठाऊक आहे, आणि वेलाशिवायच्या मांडवाला ते दोघंही पैसे देणार नाहीत. समुद्रकाठाचा खास मांडव तर याहून जवळ आहे: वर्सोव्याच्या, मढच्या कोळीवाड्यांतली वलांडी. बांबूचे खांब, आडवे बांबू किंवा दोर, आणि त्यांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील. वारा आला की सगळी वलांडी चांदीच्या तोरणासारखी हलते. ग्रीक बेटांवर दोरीवर वाळत घातलेला ऑक्टोपस हा पर्यटनाचा गाभा आहे. त्याचा फोटो काढायला माणसं विमानाने जातात, घरी येऊन तो फ्रेम करून बैठकीत लावतात, आणि मग त्याच बैठकीत बसून वलांडीच्या वासाबद्दल वॉर्ड ऑफिसला तक्रार अर्ज लिहितात. नेपल्सच्या गल्लीत या खिडकीतून त्या खिडकीपर्यंत वाळणाऱ्या चादरींचं तेच. तिकडे ते जीवनाचं रसरशीत दर्शन. इकडे सोसायटीचं परिपत्रक निघतं की दर्शनी बाल्कनीत कपडे वाळत घातल्यास दंड आकारला जाईल. म्हणजे ऑक्टोपस चालतो, बोंबील चालत नाही. इटालियन बनियन चालतो, स्वतःचा चालत नाही. मांजरं तेवढी दोन्हीकडे सारखीच गुबगुबीत आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध अजून परिपत्रक निघालेलं नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे, आणि तो वांद्रेकरच घेईल. हे सगळं आम्हाला परकं कुठे आहे, तो म्हणेल. इथे दोनशे वर्षं पोर्तुगीज होते, १७३७ ते १७३९च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी आणि वसई त्यांच्या हातून सोडवली तेव्हा ते गेले, पण कमानी राहिल्या, क्रूस राहिले, ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची घरं राहिली. मुद्दा बिनतोड आहे. फक्त पोर्तुगालला भूमध्य समुद्राचा इंचभरही किनारा नाही, तो देश सगळा अटलांटिकवर आहे, एवढी एक बारीक अडचण सोडून द्यायची. खरी गंमत त्या घरांकडे नीट पाहिल्यावर कळते. त्यांचं छप्पर उतरतं आणि कौलारू असतं. भिंतीच्या पुढे पाऊस झेलणारा व्हरांडा असतो. गोव्यात त्याचं बाल्कांव होतं: पुढच्या दाराशी छप्पर घेऊन पुढे आलेला ओटा आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर बांधलेले सोपे, म्हणजे बसायची बाकं. घराचा मालक तिथे संध्याकाळी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचा सविस्तर हिशेब ठेवतो. ही परदेशी वस्तू खरी, पण तिने कित्येक पिढ्या पावसाळे खाल्ले, आपली जास्तीची अंगं गाळली, आपल्या अंगचे गुण वाढवले, आणि तेव्हा कुठे ती इथली झाली. संगणकावरच्या चित्रातल्या कमानीने अजून एकही पावसाळा बघितलेला नाही. बहुतेकदा तर ती कमानच नसते. भिंतीवर चिकटवलेला अर्धगोल असतो. तिच्याखालून कोणी जात नाही, तिच्यावर कसला भार नाही. सेवानिवृत्त अधिकाऱ्याच्या पाटीवरच्या ‘माजी’सारखी ती केवळ मानाची असते.

दुसरा आक्षेप जास्त भावनिक असतो. सौंदर्य श्रीमंतांनीच बघायचं का, ज्याला बार्सिलोनाला जाणं परवडत नाही त्याला बार्सिलोना इथे मिळू नये का? अवश्य मिळावी, पण मग सगळी मिळावी, वरचा पापुद्रा नको. बार्सिलोनाच्या समुद्रकाठी १९८०च्या दशकापर्यंत कारखाने, रेल्वेचे रूळ आणि मैला होता. शहर समुद्राकडे पाठ करून बसलं होतं. १९९२च्या ऑलिंपिकचं निमित्त करून त्यांनी रूळ हलवले, सांडपाण्याची व्यवस्था नव्याने बांधली आणि मग वाळू अंथरली. क्रम लक्षात घ्यावा: आधी गटार, मग वाळू, मग शेवटी फोटो. आपण हा क्रम शेवटाकडून धरतो. स्वयंपाकघरातली मोरी तुंबलेली असताना दिवाणखान्यात झुंबर लावायचं आणि पाहुण्यांना आत जाऊ द्यायचं नाही, असा हा संसार. वांद्र्याहून समुद्रतळाखालून तीन किलोमीटरपेक्षा जास्त लांबीचा बोगदा गेलेला आहे आणि शहराचं सांडपाणी तो दूर नेऊन सोडतो, पण जे नाले सरळ किनाऱ्यावरच उतरतात त्यांना हा बोगदा माहीत नाही. भूमध्य शैलीत नाकासाठी काय तरतूद आहे, हे कुठल्याही सादरीकरणात आलेलं नाही. सादरीकरणाला वास नसतो ही त्याची मोठीच सोय. सिएना हे इटलीतलं गाव समुद्रकाठी नाही, पण तिथला मुख्य चौक वास्तुशास्त्राच्या पुस्तकात हटकून असतो. शिंपल्यासारखा पसरलेला, विटांचा, नऊ पाकळ्यांचा. त्याची सगळी जमीन एका बाजूला उतरते आणि तळाशी पावसाचं पाणी गिळणारं तोंड आहे. सौंदर्याच्या त्या पाकळ्या पाणी वाहून नेण्याच्या कामावर आहेत. आपल्या पेव्हर ब्लॉकलाही उतार असतो. तो बहुधा समोरच्या दुकानाकडे असतो.

तरी हे सगळं सुधारता येईल. ज्यावर खरी गाडी अडते ते म्हणजे बसणं. भूमध्य समुद्राकाठच्या गावांचं गुपित कमानीत नाही की रंगात. संध्याकाळी सगळं गाव घराबाहेर पडतं, उगाच दोन चकरा मारतं आणि मग बसतं. इटालियन, ग्रीक, स्पॅनिश या तिन्ही भाषांत त्या चकरांना खास शब्द आहेत. नीसमध्ये समुद्राकडे तोंड करून बसायला निळ्या खुर्च्या आहेत आणि त्या खुर्च्याच आता शहराची ओळख आहेत. आपल्याकडे या संस्कृतीला कट्टा म्हणतात, आणि तिच्यात आपण कोणाच्या मागे नाही. दादरच्या शिवाजी पार्कला वळसा घालणारी ती ठेंगणी भिंत घ्या (दादर उपनगरात नाही, हे दादरकरांनी पत्र पाठवून कळवायची गरज नाही). कुठल्याही वास्तुविशारदाला पारितोषिक न मिळवून देणारी ही भिंत पहाटे गुडघ्यांच्या व्यायामाला, सकाळी वर्तमानपत्राला, दुपारी डबा खायला, संध्याकाळी क्रिकेटवर मतं द्यायला आणि रात्री प्रेमाला उपयोगी पडते. त्यासाठी तिच्यात काय आहे? माणसाच्या गुडघ्याएवढी उंची, बूड टेकेल एवढी रुंदी आणि पाठीमागे झाड. नव्या सुशोभीकरणात या तिन्हींपैकी एक तरी हमखास काढून घेतात. भिंतीला वरून उतरतं करतात, किंवा दगड टोकदार बसवतात, किंवा बाक देतात पण मध्ये लोखंडी दांडे घालतात, म्हणजे आडवं होऊ पाहणाऱ्या माणसाने आपल्या शरीराचे तीन समान भाग करून मगच आडवं व्हावं.

कारण तिसरा आक्षेप हाच असतो, आणि तो रहिवासी संघटनेच्या सभेत सगळ्यात मोठ्या आवाजात घेतला जातो: बसायला जागा केली तर लोक बसतील. त्यातही तरुण जोडपी बसतील. बँडस्टँडच्या खडकांवर पिढ्यान्‌पिढ्या ती समुद्राकडे तोंड करून बसत आली आहेत. घरी दोन खोल्यांत सातजण असताना मुंबईत एकांत मिळवायचा तर गर्दीकडे पाठ करणं हा एकच मार्ग उरतो. भूमध्य चित्रात जोडपं असतंच, किंबहुना जोडप्याशिवाय ते चित्र पुरं होत नाही, पण तेच जोडपं चित्रातून उतरून बाकावर बसलं की त्याचा उपद्रव होतो. खाण्याचंही तसंच. फुटपाथवर चौकड्यांचं कापड घातलेलं टेबल आणि त्यावर महागडी कॉफी ही संस्कृती. फुटपाथवर तिपाईवरची भेळेची टोपली हे अतिक्रमण. फेरीवाल्यांसाठी २०१४चा केंद्रीय कायदा आहे, त्यांना जागा ठरवून द्यायची असं तो म्हणतो. पण जागा ठरवायच्या बैठकीत प्रत्येकाला फेरीवाला हवा असतो तो शेजारच्या गल्लीत. या आक्षेपाला उत्तर देताना एक मात्र मान्य करायला हवं की बसणारी माणसं कचरा करतात, भांडतात, रात्री उशिरा गातात आणि वाईट गातात. भूमध्य समुद्राकाठची माणसंही हे सगळं करतात. ती इटालियनमध्ये गातात म्हणून आपल्याला चालतं.

मग काही उसनं आणूच नये का? आणावं की. एक गोष्ट तर फार पूर्वीच आणलेली आहे आणि ती पावसाला पुरून उरली आहे. इटलीतल्या बोलोन्या शहरात इमारतींच्या पोटातून जाणारे कमानदार पादचारी मार्ग आहेत, सगळे मिळून ६२ किलोमीटर. २०२१मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवलं. आपल्या फोर्टात दादाभाई नवरोजी रोडवर याच जातीच्या कमानी आहेत. जुलैत चर्चगेटहून सीएसएमटीकडे निघालेला कारकून त्या कमानींखाली शिरला की छत्री मिटतो. त्यांत घड्याळवाले बसतात, पुस्तकवाले बसतात, कोणी उगाच बसतं. अशी कमान समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यांवर यावी, पोकळ यावी, तिच्याखालून दोन माणसं आणि एक उघडी छत्री एकाच वेळी जाऊ शकावी. तिचा रंग कुठला हे मग ज्याचं त्याने ठरवावं. बाकी भेंडीची रोपं नर्सरीत स्वस्त मिळतात. कट्टा बांधायला गवंडी लागतो, त्याला परदेशी पाठवावं लागत नाही. आणि वलांडीला तर काहीच करायचं नाही, ती आहे तिथे राहू द्यायची. एवढं केल्यावर जो परिसर तयार होईल त्याचं चित्र संगणकावर फारसं देखणं येणार नाही, हा एक आक्षेप मात्र शिल्लक राहतो, आणि निविदेच्या दृष्टीने तो गंभीर आहे.

तोवर आहे ते असं आहे. समुद्राजवळच्या एखाद्या सार्वजनिक उद्यानापाशी दुपारी जाऊन बघावं. ऊन डोक्यावर आलेलं असतं, सावलीची खरी गरज त्याच वेळी असते, आणि नेमकं त्याच वेळी नियमाप्रमाणे फाटकाला कुलूप लागतं. बाहेर रिक्षावाला स्वतःच्याच रिक्षात घडी होऊन पडलेला असतो. कुरिअरवाला पोरगा फाटकाच्या पायरीवर डबा उघडतो आणि झाडाची जी फांदी चुकून भिंतीबाहेर आली आहे तिच्याखाली डोकं येईल असा सरकून बसतो. आत सगळं शांत असतं. पर्गोला असतो, कारंजं असतं (बंद), ‘हिरवळीवर चालू नये’ ही पाटी असते. आणि झाडाखालच्या एकुलत्या एक दांडा नसलेल्या बाकावर, किल्ल्या पोटावर ठेवून, टोपी डोळ्यांवर ओढून पहारेकरी आडवा झालेला असतो. सबंध किनाऱ्यावर त्या घटकेला सार्वजनिक जागा अस्सल भूमध्य पद्धतीने वापरणारा तेवढा एकच माणूस, आणि त्याला उठवायला कोणी नाही.